रक्ताची घासाघीस

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत असलेल्या त्या गावात कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं की दोन माणसं लागत. एक गाडीवाला आणि दुसरा सहदेव चर्जन. गाडीवाला कधी मिळायचा, कधी नाही. सहदेवभाऊ मात्र हमखास. वावरात शेवंती तोडत असला तरी टोपली बायकोच्या हवाली करून, तोंडावर पाणी मारून, धुतलेला सदरा अंगात घालून हजर. "चला बाप्पा, कोन्या दवाखान्यात न्यायचं हाये?"

तो डॉक्टर नव्हता की कंपाउंडर नव्हता. साधा फूलमाळी. थोडकं वावर, त्यात शेवंती, झेंडू आणि बांधाच्या कडेने निशिगंध. पण तोंड! अमरावतीच्या फूलबाजारात तो दलालाशी भावावरून भांडायला लागला की शेजारचे लोक आपला धंदा सोडून ऐकत बसायचे. हेच तोंड दवाखान्यात कामी यायचं. गावातले एरवीचे वाघ पांढरा कोट दिसला की हात जोडून उभे राहतात, वाचाच बसते त्यांची. सहदेवचं तसं नाही. "साहेब, आमाले उमजंल असं सांगा ना. आतडं म्हंजे कोन्या बाजूचं आतडं?" डॉक्टर हसायचे, पण सांगायचे. स्ट्रेचर नाही म्हणाले तर कुठून तरी स्ट्रेचर यायचं, खाट नाही म्हणाले तर खाट निघायची. गावाचा जीव होता या माणसावर, अन् का नसावा?

फक्त एका बाबतीत तो कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही. रक्त. त्याची माय पार्बताबाई दवाखान्यात होती तेव्हा रोज सकाळी कोणीतरी यायचं, सुई टोचायचं आणि रक्त घेऊन जायचं. म्हातारी दिवसेंदिवस पांढरी पडत गेली अन् एक दिवस गेली. तिला नेमकं काय झालं होतं ते त्याला कोणी धड सांगितलं नाही. मग त्याने आपल्या मनाने ठरवून टाकलं की रक्त काढून काढून मारली माह्या मायले. तेव्हापासून कोणाच्याही उशाशी बसला की सिस्टर सिरिंज घेऊन आली रे आली, हा मध्ये. "काल घेतलं व्हतं ना? मंग आज काहून? बरं, घ्याच लागते तं अर्धं घ्या." चक्क घासाघीस! आणि गंमत अशी की बहुतेक वेळा ती जमायचीही. दमलेल्या सिस्टर म्हणायच्या, जाऊ द्या, थोडं कमी तर कमी. साध्यासुध्या तपासण्यांचं तेवढ्यात भागूनही जायचं. गावात परतल्यावर पेशंटच्या घरचे लोक कौतुकाने सांगायचे, "सहदेवभाऊनं थेंबभर जास्तीचं घेऊ देल्लं नाही."

त्याची बायको जमुना कमी बोलणारी. हार गुंफायला बसली की तिच्या बोटांकडे बघत राहावं, अशी सफाई. नवऱ्याच्या बडबडीला एखादाच टोला द्यायची, पण बरोबर. "अवो, तुमच्या तोंडाले येखांदा दिवस सुट्टी द्या. त्याले पाय असते तं पयून गेलं असतं." सहदेव सगळ्यांपुढे बोलायचा, तिच्यापुढे मात्र हसून गप्प व्हायचा.

दसरा-दिवाळीत माळ्याच्या घरात आजारी पडायला कोणाला सवड नसते. जमुनेचं पोट तेव्हापासूनच दुखत होतं. तिने सांगितलं नाही. गावातल्या दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणायची, पाण्यासोबत गिळायची आणि पुन्हा सुई-दोरा हातात. दिवाळी उलटली, माल संपला आणि मग एका सकाळी ती अंगणातच वाकून बसली ती उठेचना. साऱ्या गावाला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात दुखणं बसलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. हे त्याला फार लागलं.

अमरावतीच्या दवाखान्यात सांगितलं की आतड्याला छिद्र पडलंय, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पोटात पसरलेली घाण धुऊन काढली, टाके घातले. आठवडाभर तोंडाने काही द्यायचं नव्हतं म्हणून मानेतून एक नळी आत सोडली. त्या नळीतूनच सलाईन, अन्न आणि भारी भारी अँटिबायोटिक. लेक पौर्णिमा तिवस्याहून आली, सासरी निरोप ठेवून माय-बापाजवळच राहिली. जमुना डोळे उघडून बघायला लागली, बोलायला लागली. सहदेव वॉर्डाबाहेर कोणाशी तरी हुज्जत घालत असलेला ऐकून ती लेकीला म्हणाली, "तुह्या बापाचा आवाज येऊन राह्यला, म्हंजे मी जित्ती हावो." पौर्णिमा हसली. तिघांनाही वाटलं, सुटलो बुवा.

आणि मग ताप आला. थंडी वाजून, दात वाजवत. उतरायचा अन् पुन्हा चढायचा. औषधं बदलली. रक्त तपासलं, त्यात जंतू काही सापडले नाहीत. ताप हटेना. तेव्हा तिथल्या डॉक्टर रागिणीबाईंनी सहदेवला बाजूला घेतलं. या बाई तरुण, पण समजावून सांगणाऱ्या, म्हणून सहदेवला त्या आवडायच्या.

"काका, मला वाटतं त्यांच्या रक्तात बुरशी गेली असावी."

सहदेवला हसूच आलं. "बुरशी? अवो डाक्टरबाई, बुरशी भाकरीले येते, आमच्या शेवंतीले येते. मानसाच्या रक्तात कायची बुरशी?"

"ती वेगळी, ही वेगळी. ही आपल्या सगळ्यांच्याच तोंडात, आतड्यात असते. एरवी गुमान पडून असते. आतडं फाटलं, वरून अँटिबायोटिकने चांगले जंतूही मेले, मानेत नळी आहे. तिला वाट मिळते आणि ती रक्तात उतरते. ताप मात्र अगदी दुसऱ्या जंतूंसारखाच येतो, बघून ओळखू येत नाही."

"मंग द्या ना औषध."

"अंदाजाने सुरू केलंय. पण हिच्याही जाती असतात. एका जातीला चालतं ते औषध दुसरीला चालत नाही. जात कळायची तर रक्तातून ती वाढवून बघावी लागते. आणि ही फार लबाड, काका. रक्तात थोडीथोडकीच फिरते. कमी रक्त घेतलं तर त्या बाटलीत ती येतच नाही, आणि मग रिपोर्ट म्हणतो काही नाही. म्हणून दोन बाटल्या पूर्ण भरून पाहिजेत. एक हातातून, एक नळीतून. तरीही निम्म्या वेळा सापडत नाही, हेही सांगून ठेवते."

सहदेवने मान डोलावली. ऐकलं सगळं. पण त्याच्या डोक्यात त्यातलं एकच शिरलं, दोन बाटल्या पूर्ण भरून. बाटल्या म्हटल्यावर त्याच्या डोळ्यापुढे सलाईनच्या बाटल्याच आल्या. आदल्याच दिवशी जमुनेला रक्त कमी पडलं म्हणून एक पिशवी रक्त चढवलं होतं. आणि आज हे लोक दोन बाटल्या काढायला निघालेत!

थोड्या वेळाने दीपमाला नावाची सिस्टर ट्रे घेऊन आली. नुकतीच नोकरीला लागलेली, अचलपूरकडची. सहदेवने तिच्याशी आधीच काका-पोरीचं नातं जोडून ठेवलं होतं. ट्रेमधल्या बाटल्या निघाल्या लहानशाच, पण सिरिंजा बघून त्याचं माथं फिरलं.

"येवढाल्या सिरिंजा? पोरी, ढोराचं रक्त काढून राह्यली का मानसाचं?"

"काका, मॅडमनी सांगितलंय. दोन्ही भरायच्या आहेत."

"मॅडम सांगतेच. रंग पाह्य तिचा. हयद लावल्यावानी झाली ते बाई. काल चढवलं, आज काढतं. हे कोनतं शास्त्र हाये?"

खाटेवरून जमुनेचा बारीक आवाज आला. "घेऊ द्या ना, अवो. मले का दुखून राह्यलं?" तिने स्वतःहून हात लांब केला. त्या हातावर आधीच्या सुयांचे निळे-काळे डाग होते. ते डाग बघितले आणि सहदेवला त्याची मायच दिसली.

"तू गप," तो म्हणाला. आणि सिस्टरकडे वळून त्याने आपला बाजारातला आवाज काढला, गोड आणि चिवट. "हे पाह्य पोरी. दोन नाही, येक बाटली. अन् तेबी भरून नाही. तुह्या मॅडमचंबी काम व्हईन, माह्या बायकोचंबी रक्त वाचंन. अवं, तुही माय असती तं तू येवढं काढलं असतं का?"

पौर्णिमा म्हणाली, "बाबा, घेऊ द्या ना." त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. दीपमालेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वॉर्डात दुसऱ्या खाटेवरून कोणी हाका मारत होतं. शेवटी तिने एकाच बाटलीत थोडंसं रक्त घेतलं, तळ झाकण्यापुरतं, आणि गेली. सहदेव जमुनेच्या उशाशी बसला. सौदा मनासारखा पटल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. खोटं कशाला सांगायचं, होतंच.

लॅबमधून फोन आला की रक्त फार कमी आहे. रागिणीबाई तणतणत आल्या. "काका, मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं ना?"

"सांगतलं ना. पन बाटली मशीनमधी गेली ना आता? तिले बोलू तं द्या पह्यले. आता येक थेंब मियनार नाही."

बाईंनी पुन्हा समजावलं, आवाज चढवला, पौर्णिमेलाही सांगून बघितलं. हा हटला नाही. साऱ्या गावाची दुखणी वाहिलेला माणूस, स्वतःच्या बायकोच्या वेळी कसा हटणार? शेवटी दुसऱ्या खाटेवरचं बोलावणं आलं आणि बाई गेल्या.

ती बुरशी सावकाश वाढते, दोन-तीन दिवस थांबावं लागतं. तेवढे दिवस मशीनमध्ये ती बाटली पडून राहिली आणि इकडे जमुनेचा ताप चढत-उतरत राहिला. मग कळलं, बाटलीत काहीच वाढलं नाही. सहदेव व्हरांड्यात येऊन पौर्णिमेला म्हणाला, "पाह्यलं? म्या म्हनलं नोतं? कायची बुरशी न् कायचं काय!" त्या दिवशी त्याने पोटभर जेवण केलं. बिचारा खरोखर खुश होता. त्या खुशीची पुढे त्याला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

कारण दुसऱ्या दिवशी जमुनेने त्याला ओळखलं नाही. तो "जमुने, अवं जमुने" करत होता आणि ती छताकडे बघत फुलांच्या गाठी मारल्यासारखी बोटं हलवत होती. लघवी बंद झाली, रक्तदाब पडत चालला. सहदेव धावत जाऊन रागिणीबाईंच्या पुढ्यात उभा राहिला. हात जोडून. त्याला असं उभं राहिलेलं पौर्णिमेने जन्मात पाहिलं नव्हतं.

"घ्या बाई, काय घ्याचं ते घ्या. माह्यंबी घ्या. पन तिले वाचवा."

बाईंनी काही ऐकवलं नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, पडदे ओढले आणि दोन्ही बाटल्या भरून पाठवल्या. मानेतली नळीही बदलली. या वेळी दोन दिवसांत बुरशी निघाली. आणि जात अशी निघाली की सुरू असलेलं औषध तिच्यापुढे पाण्यासारखं होतं. हे कळताच दुसरं औषध आणलं, लगेच सुरू केलं. पण जमुनेच्या अंगात तोवर लढायला काही उरलंच नव्हतं. नवं औषध चालू असतानाच, दुसऱ्या दिवशी दुपारी, ती गेली. पौर्णिमा तिच्या पायाशी होती. सहदेव उशाशी होता.

सगळं उरकून गाडीची वाट बघताना तो एकदा रागिणीबाईंकडे गेला. "बाई, येक इच्यारू? त्या दिवशी भरून घेऊ देल्लं असतं, तं?"

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "काका, भरलेल्या बाटलीतही निम्म्या वेळा ती सापडत नाही. सापडली असती तर औषध लवकर बदललं असतं. तरी त्या वाचल्या असत्याच, असं मी नाही सांगू शकत. वाचल्या नसत्या, असंही नाही सांगू शकत."

बाई होय म्हणाल्या असत्या तर त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं. नाही म्हणाल्या असत्या तर कधीतरी झोप लागली असती. आता दोन्ही नाही. कोणत्याही तपासणीत याचं उत्तर नव्हतं आणि त्याला दुसरं काही विचारायचं नव्हतं.

तेराव्या दिवशी अंगणात मांडव भरून माणसं बसली होती. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी सहदेवने दवाखान्यात नेलेलं. जो तो सांगत होता, "सहदेवभाऊनं काही कमी केलं नाही. बायकोसाठी डाक्टरशी भांडला. सिस्टरले थेंबभर जास्तीचं घेऊ देल्लं नाही." बाया माना डोलावत होत्या. पौर्णिमा पंगतीत भात वाढत होती. तिने ऐकलं आणि ती पुढच्या पानाकडे गेली. दवाखान्यातून आल्यापासून तिने बापाला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. तिने रागवावं, बोलावं, दोन शिव्या द्याव्या, म्हणून सहदेव तिच्या मागे मागे फिरत होता. ती फक्त म्हणायची, "बाबा, दोन घास खाऊन घ्या." ते त्याला सहन होत नव्हतं.

त्यानंतर त्याने दवाखान्याचं नाव सोडलं. हाक आली तरी जायचा नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, वेळ द्या. शेवंतीचं वावर तसंच तणात गेलं.

मग एक दिवस शेजारचा श्रावण आला, रडकुंडीला. त्याची माय गोदाबाई लेकीकडे अकोल्याला गेली होती, तिथेच आजारी पडली. आठ-दहा दिवस झाले, ताप हटत नाही, रोज रक्त तपासतात. "सहदेवभाऊ, नाही म्हनू नोका. मले तिथं काही बोलता येत नाही. लय रक्त काढून राह्यले वो मायचं. तुमी चला, तुमीच पाह्यजे."

सहदेव नाहीच म्हणणार होता. दारात पौर्णिमा उभी होती, मायच्या महिन्याच्या घासाला आलेली. ती म्हणाली, "जा बाबा." एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दोघे एसटीने अकोल्याला पोचले तेव्हा गोदाबाईच्या खाटेजवळ सिस्टर उभीच होती. ट्रेमध्ये तशाच दोन बाटल्या. श्रावणने सहदेवचा दंड धरला. "भाऊ, बोला ना! पुन्हा घेऊन राह्यली."

सिस्टरनेही वर पाहिलं. असे नातेवाईक तिला रोजचेच, ती भांडणाच्या तयारीत होती. सहदेव पुढे झाला, खाटेच्या कडेला बसला आणि गोदाबाईचा सुरकुतलेला हात त्याने आपल्या दोन्ही हातांत सरळ धरला.

"घ्या बाई," तो म्हणाला. "सांगतलं असंन तेवढं घ्या. दोन्ही भरा. कमी घेऊ नोका."

श्रावण बघतच राहिला. सिस्टरने कापसाने कातडी पुसली, ती वाळेपर्यंत थांबली, सुई लावली. सहदेव डोळे न हलवता बघत होता. इतकी वर्षं त्याने सिरिंज दिसली की आडवं येणं एवढंच केलं होतं, बाटली भरताना कधी बघितलीच नव्हती. रक्त सिरिंजमधून बाटलीत उतरलं, खुणेच्या रेघेला लागलं. दुसरीही भरली. सिस्टरने सुई काढून कापूस दाबला.

"आता काय?" त्याने विचारलं.

"आता काही नाही. झालं."

"झालं? येवढंसंच?"

"एवढंच लागतं काका. दोन्ही मिळून चहाचे चार चमचे होतील." ती ट्रे उचलून निघून गेली.

सहदेव तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला आणि एकाएकी भिंतीला धरून खाली बसला. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. तो मोठ्याने रडत होता, पोरासारखा, सदऱ्याच्या बाहीत तोंड खुपसून. श्रावण घाबरून त्याच्याजवळ वाकला. "काय झालं भाऊ? काय झालं? माय बरी हाये ना माही?"

"चार चमचे," सहदेव म्हणाला. "चार चमच्यासाठी भांडलो रे मी तिच्या जिवासंग. अन् जितलो."

श्रावणला काही कळलं नाही. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, आणि सहदेवने ती हातात धरून ठेवली, प्याला मात्र नाही.